कँटनची न्याहारी आणि आपल्या नाक्यावरची चायनीजची गाडी

"डॉक्टर, बाहेरचं काही खाल्लं नाही हो. फक्त चायनीज खाल्लं."

हे वाक्य मी करकंबच्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. सांगणारा मनापासून सांगत असतो. त्याच्या लेखी "बाहेरचं" म्हणजे वडापाव, भजी, ढाब्यावरचं मटण. चायनीज हा वेगळाच प्रकार. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "आणि अजिनोमोटो टाकू नको म्हणून सांगितलं होतं त्याला." म्हणजे काळजी घेऊन झाली, आता जे दुखतंय त्याला दुसरं काहीतरी कारण असणार.

आज मी तुम्हाला औषधाबद्दल थोडं आणि इतिहासाबद्दल जास्त सांगणार आहे. ज्या अन्नाला आपण चायनीज म्हणतो ते आलं कुठून, वाटेत त्याचं काय झालं आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीने तुमचा रक्तदाब वाढतो, हे एकदा नीट कळलं की चुकीच्या गोष्टीला घाबरणं कमी होईल. आणि ज्याला घाबरायला हवं ते बशीतून समोर येईल तेव्हा ओळखता येईल.

चहाबरोबरचं खाणं

चीनच्या दक्षिण टोकाला ग्वांगडोंग नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी ग्वांगझो, जुन्या नकाशांत कँटन. दमट हवा, भाताची खाचरं, नदी आणि समुद्र दोन्ही जवळ. जगभर "चायनीज हॉटेल" म्हणून जे पसरलं त्याचा मोठा भाग या एका प्रांतातून गेलेल्या माणसांनी नेला. त्यांची भाषा कँटोनी. त्या भाषेतला एक शब्द तुम्ही रोज सकाळी उठल्या उठल्या वापरता. कँटोनी माणूस चहाला "छा" म्हणतो. पोर्तुगीजांनी कँटनशेजारच्या मकाऊमधून हाच शब्द उचलला. ज्या युरोपियनांनी चहा फुकियन किनाऱ्यावरून नेला त्यांच्याकडे मात्र तिथल्या बोलीतला "ते" गेला आणि त्याचा इंग्रजीत "टी" झाला. आपला चहा "छा"च्या घराण्यातला.

कँटनमध्ये सकाळी चहाघरात जाऊन बसण्याला "यम छा" म्हणतात. शब्दशः अर्थ चहा पिणं. पण नुसता चहा पिऊन कोणी उठत नाही. त्याबरोबर बांबूच्या छोट्या टोपल्यांतून वाफवलेले पदार्थ येतात, एका टोपलीत तीन किंवा चार. त्यांना म्हणतात दिम सम, आपण डिमसम म्हणू. या शब्दाचा अर्थ हृदयाला जरासा स्पर्श करणारं असं काहीतरी. पोटभर नाही, जरासा. एकोणिसाव्या शतकात कँटनमध्ये मजुरांसाठी स्वस्त चहाच्या टपऱ्या होत्या. मोडकी बाकं, एक कप चहा आणि वर दोन पदार्थ. "एक पेला, दोन नग" असा वाक्प्रचारच तिथे आहे. पुढे श्रीमंतांसाठी मजल्या-मजल्यांची चहागृहं झाली. ताओ ताओ ज्यू आणि लिन हेउंग ही त्यातली जुनी नावं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहेत.

चहाघरातली एक रीत मला फार आवडते. शेजारच्याने तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची. हे आभार. गोष्ट अशी सांगतात की चियनलाँग बादशहा वेष पालटून हिंडत होता आणि चहाघरात त्याने स्वतःच्या हाताने नोकराला चहा ओतला. नोकराला साष्टांग घालायचा होता, पण तसं केलं तर बादशहा ओळखला गेला असता. म्हणून त्याने बोटं वाकवून टेबलावर टेकवली. खरी असेल-नसेल, पण चहा पिताना बोलायला तोंड मोकळं राहतं एवढं खरं.

आता पदार्थांकडे येऊ. तुम्हाला वाटेल करकंबच्या डॉक्टरला यातलं काय कळणार. मी डिमसम पहिल्यांदा खाल्लं ते कोलकात्यात, एका वैद्यकीय परिषदेला गेलो असताना. तिथे टिरेटा बाजार म्हणून भाग आहे. सकाळी उजाडता उजाडता चिनी कुटुंबं रस्त्याच्या कडेला ॲल्युमिनियमची वाफेची भांडी मांडून बसतात आणि नऊच्या आत बरंचसं संपतं. पुढे मुंबईला मुलीकडे गेलो की एखादं ठिकाण गाठतो. त्यामुळे आवडीनिवडी तयार झाल्या आहेत, त्या सांगतो. आणि गंमत अशी की त्यातलं एकही तंत्र आपल्या आजीला नवं नव्हतं.

पहिलं हार गाउ. कोळंबीचं सारण आणि वर इतकं पातळ आवरण की आतला गुलाबी रंग दिसतो. हे आवरण मैद्याचं नसतं. गव्हातून चिकट भाग काढून टाकल्यावर जे पांढरं सत्त्व उरतं त्याचं असतं. म्हणजे उन्हाळ्यात तुमच्या घरी कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, चीक बसवतात ना, जवळजवळ तेच. हा चीक उकळत्या पाण्यात उकडून मळायचा, पारी करायची, कळ्या पाडायच्या. उकडीच्या मोदकाला ज्या मायमाउल्यांचे हात सरावलेले आहेत त्यांना हार गाउ शिकायला एक दुपार पुरेल.

दुसरं सिउ माय. वरून उघडी असलेली पुरचुंडी, आत बहुतेक डुकराचं मांस आणि कोळंबी. तिसरं चार सिउ बाउ, म्हणजे गोडसर भाजलेल्या मांसाचं सारण भरलेला पांढराशुभ्र पाव, तोही वाफवलेला. चौथं अंड्याचा गोड टार्ट, दान तात. या चौघांना तिथले लोक डिमसममधले चार राजे मानतात. माझा मत विचाराल तर यांच्यापेक्षा मला लो बाक गो जास्त आवडतं. मुळा किसून तांदळाच्या पिठात कालवायचा, थापून वाफवायचा, थंड झाल्यावर वड्या कापायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात खरपूस परतायच्या. कोथिंबीर वडी, दुसरं काय! मूळ पदार्थात सॉसेजचे किंवा सुक्या कोळंबीचे तुकडे असतात, पण ते वगळूनही करतात. आमच्या पंढरपूर तालुक्यात माळकरी घरं पुष्कळ. त्यांनी कधी मुंबईत डिमसम खायचा योग आला तर हे विचारून घ्यावं, किंवा मशरूम आणि भाज्यांचं सारण मागावं. लो माय गाय हा चिकट तांदळाचा पदार्थ कमळाच्या पानात गुंडाळून वाफवतात. त्या पानाचा वास भाताला लागतो, जसा कोकणातल्या पातोळ्यांना हळदीच्या पानाचा लागतो. कोंबडीचे पायही असतात, फुंग जाउ. त्याबद्दल मी काही बोलत नाही, आवड आपली आपली.

आपल्या भागात नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड वाफवतात. खानदेशात डाळीचे फुणके वाफवतात. म्हणजे वाफेवर शिजवलेल्या पुरचुंड्या हे काही आपल्याला परकं अन्न नाही. आणि एक खुलासा. पंढरपूरला अलीकडे मिळणारे मोमो म्हणजे डिमसम नव्हे. ते तिबेट-नेपाळकडचे, आवरण मैद्याचं, चटणी झणझणीत. नात्याने भाऊबंद असतील, पण घर वेगळं.

सोलापूरचा डॉक्टर कँटनच्या धक्क्यावर

कँटनचं नाव आमच्या जिल्ह्याला एका वेगळ्याच कारणाने लागलं आहे. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानने चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनापती चू दे यांनी भारताकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे. सप्टेंबर १९३८ च्या पहिल्या तारखेला हे पथक मुंबईहून बोटीने निघालं आणि त्याच महिन्यात कँटनला उतरलं. तिथे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. शहरावर त्या काळात जपानी विमानं बॉम्ब टाकत होती. पथक पुढे उत्तरेकडे सरकलं आणि २१ ऑक्टोबरला कँटन जपान्यांच्या हाती पडलं. ज्या चहाघरांबद्दल मी वर लिहिलं त्या शहरावर पुढची सात वर्षं परकी फौज होती.

कोटणीस जिथे पोहोचले तो उत्तर चीन अगदी निराळा होता. कोरडा, डोंगराळ, गरीब. तिथे भात नाही, कोळंबी नाही. येनान आणि त्यापुढच्या लढाईच्या भागात रोजचं अन्न म्हणजे राळे. होय, आपण भोगीला ज्यांचा भात करतो तेच राळे. "राळे आणि रायफल" हीच आपली ताकद, अशा अर्थाची घोषणा तिथल्या सैन्यात प्रसिद्ध होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण "चायनीज जेवण" असं एकच काही नसतं. पंजाब आणि केरळ यांच्या ताटांत जेवढं अंतर, तेवढं कँटन आणि येनानच्या ताटांत आहे. कोटणीसांनी तिथे चिनी भाषा शिकून घेतली, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाची सूत्रं हाती घेतली, क्वो छिंग-लान या परिचारिकेशी लग्न केलं. अतिश्रम, अपुरं अन्न आणि आकडीचा आजार यांनी ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय ३२. बाकीचे चौघे परतले. सोलापुरात त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. जिल्ह्याच्या कामाला गेलात तर अर्धा तास काढून जरूर बघा.

कँटन मुंबईत कसं आलं

मुंबई आणि कँटन यांची ओळख याच्याही खूप आधीची. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपियन व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त कँटन बंदर खुलं होतं. मुंबईतून तिकडे कापूस जाई आणि माळव्याची अफू जाई. तिकडून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी येत. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती या व्यापारातली, आणि त्यांच्या देणगीतून मुंबईत १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. तिथे शिकलेल्या डॉक्टरांनी गेली पावणेदोनशे वर्षं महाराष्ट्र तपासला आहे. त्याच्या पायात अफूचाही पैसा आहे, हे आपण वैद्यकीय लोक फारसं बोलत नाही. जमशेटजींचा कँटनमधला भागीदार विल्यम जार्डिन हाही मुळात जहाजावरचा डॉक्टर होता, हे आणखी एक.

या व्यापाराच्या मागोमाग माणसं आली. काही तर बेड्या घालून आली. महाबळेश्वरला गेलात तर चायनामन्स फॉल हा धबधबा दाखवतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मलाया-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते. त्यांच्याकडून बटाटे आणि विलायती भाज्या पिकवून घेत आणि ते वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणत. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला.

मुंबईच्या गोदीत मात्र स्वतंत्र चिनी खलाशी येत होते, त्यातले बरेच कँटनच्या परिसरातले. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ माझगावात एका साध्या दुमजली इमारतीत सी यिप कून नावाचं चिनी मंदिर आहे. ते १९१९ सालचं. सी यिप म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके. त्या चार तालुक्यांतल्या लोकांनी परमुलखात उतरायला जागा आणि पुजायला देव, अशी दुहेरी सोय करून ठेवली. आपल्याकडे गिरणगावात एकेका गावच्या लोकांची खोली असायची, तसंच. मुंबईतल्या चिन्यांत दंतवैद्य होते, चांभारकाम करणारे होते, आणि खानावळी चालवणारे होते. १९४५ मध्ये यिक सेन लिंग यांनी कुलाब्यात नानकिंग सुरू केलं. चर्चगेटला कामलिंग होतं. तिथलं जेवण कँटोनी वळणाचं: आलं-पातीच्या कांद्यात वाफवलेला मासा, पातळ सूप, भात. मसाला कमी, कारण कँटोनी आचाऱ्याच्या मते ताज्या जिनसेची चव झाकायची नसते.

१९६२ च्या युद्धाने या समाजाचं कंबरडं मोडलं. देशभरातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यात इथेच जन्मलेले, हिंदी-बंगाली बोलणारे म्हातारे आणि मुलंही होती. सुटल्यावर अनेकजण कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेले. जे राहिले त्यांना आता जगण्यासाठी भारतीय गिऱ्हाइकाची जीभ राखणं भाग होतं.

त्यातूनच १९७५ च्या सुमाराचा तो प्रसंग घडला. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आचारी होते. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून घेतली, म्हणजे आपल्या रश्शाचीच सुरुवात. मग गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने दाट केलं आणि त्यात तळलेलं चिकन सोडलं. चिकन मंचुरियन. मांचुरियाचा याच्याशी काही संबंध नाही. ही हकिकत खुद्द वाँग यांनीच अनेकदा सांगितली आहे. पुढे कोबीचं मंचुरियन आलं, शेजवान चटणी आली, चायनीज भेळ आली. मोठ्या हॉटेलातून रस्त्यावरच्या गाडीवर आणि मुंबईतून तालुक्याच्या नाक्यावर यायला दोन-तीन दशकं लागली.

या प्रवासात मागे काय राहिलं ते बघा. वाफ राहिली, चहा राहिला, तीन नगांची टोपली राहिली, सकाळची वेळ राहिली. आलं काय? मोठी आच, तेल, मैदा, सॉसच्या बाटल्या आणि रात्री साडेनऊला भरगच्च प्लेट. यात कोणाचा दोष नाही. गाडीवाला गिऱ्हाइकाला हवं तेच देतो. पण याला "चिनी लोक असंच खातात" म्हणणं बरोबर नाही.

अजिनोमोटोवरचा खटला

आता तुमच्या आवडत्या आरोपीकडे. १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला की समुद्री शेवाळाच्या सूपला ती खास चव कशाने येते. ती गोड नाही, आंबट नाही, खारट नाही, कडू नाही. त्यांनी त्या शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि चवीला "उमामी" नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याचं सोडियमचं क्षारयुक्त रूप "अजिनोमोटो" या नावाने बाजारात आलं. म्हणजे हे नाव जपानी, आणि तेही एका कंपनीचं. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. पिकलेल्या टोमॅटोत, मशरूममध्ये, मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट निसर्गतः असतं. आपलं शरीर बाटलीतलं ग्लुटामेट आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट यात फरक करत नाही.

मग बदनामी कशी झाली? एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांचं एक छोटं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेत बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, धडधडतं, असा स्वतःचा अनुभव त्यांनी लिहिला आणि कारणांबद्दल काही शक्यता मांडल्या: सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, ग्लुटामेट, जास्तीचं मीठ. चारही शक्यताच होत्या. पत्राला मथळा मिळाला "चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम" आणि लोकांनी चारांतला एक आरोपी उचलला. पुढच्या वर्षी नवजात उंदरांना ग्लुटामेटची मोठी मात्रा टोचून मेंदूला इजा झाल्याचं एक संशोधन आलं. टोचलेल्या मोठ्या मात्रेचा आणि जेवणातल्या चिमटीचा संबंध लावता येत नाही, पण भीती पसरायला तेवढं पुरलं.

नंतर नीट चाचण्या झाल्या. खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही माहीत नाही की पुडीत काय आहे, अशा पद्धतीने. स्वतःला त्रास होतो म्हणणाऱ्यांतही ठरावीक, पुन्हा पुन्हा दिसणारा परिणाम सापडला नाही. रिकाम्या पोटी, जेवणाशिवाय, तीन ग्रॅम किंवा जास्त घेतल्यास काहींना थोडा वेळ डोकेदुखी, घाम, बधिरपणा असं सौम्य काही होऊ शकतं, असं १९९५ च्या अमेरिकी अहवालात म्हटलं आहे. जेवणातल्या एका वाढपात ते साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतं. लहान बाळांना देऊ नये, हा नियम पाळावा. बाकी मोठ्या माणसाने त्यापायी झोप घालवू नये.

मग चायनीज खाल्लं की त्रास कशाने होतो? माझ्या दवाखान्यात तीन कारणं सापडतात.

पहिलं आणि सर्वात मोठं, मीठ. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. एका प्लेटमध्ये दोन चमचे सॉस पडला की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला, वरचं मीठ आणि शेजवान चटणी वेगळीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पावलं जड, तोंड सुजल्यासारखं, बीपी वाढलेलं. आता गंमत बघा. अजिनोमोटोत सोडियम वजनाच्या सुमारे १२ टक्के असतं आणि मिठात सुमारे ३९ टक्के. तुम्ही "अजिनोमोटो नको" म्हणता, तेव्हा फिकं लागू नये म्हणून गाडीवाला काय वाढवत असेल? मीठ आणि सॉस. तिशीतले, शेतात राबणारे, तंबाखूही न खाणारे तरुण माझ्याकडे १६०-१०० चा रक्तदाब घेऊन येतात, आणि खाण्याची चौकशी केली की आठवड्यातून चारदा चायनीज निघतं, तेही "बिना अजिनोमोटोचं". एकट्या चायनीजने बीपी होतं असं मी म्हणत नाही. पण मीठ मोजायचं सोडून आपण भलतंच मोजतोय.

दुसरं कारण भात. १९७१ पासून ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन उलट्यांच्या साथी नोंदवल्या गेल्या. शोध घेतल्यावर बॅसिलस सेरेयस हा जिवाणू सापडला. त्याचे बीजाणू कच्च्या तांदळात असतात आणि उकळूनही मरत नाहीत. भात शिजवून तसाच उघड्यावर ठेवला की ते उगवतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा कितीही परतलं तरी जात नाही. फ्राइड राइसला मोकळा भात लागतो म्हणून गाडीवर दुपारीच शिजवून टोपात ठेवतात. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो सहा तास बाहेर राहिला तर काय होईल, याचा विचार करा. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर हे डोक्यात आणा. आणि घरच्या फोडणीच्या भातालाही हेच लागू आहे, बरं का! रात्रीचा भात उरला तर पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर झाकून ठेवलेला सकाळी फोडणीला घालू नका.

तिसरं, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि लाल रंग. शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये कोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. मंचुरियन लालभडक असायलाच पाहिजे असं काही नाही. तुम्ही रंग नको म्हणालात तर चवीत काडीचा फरक पडत नाही.

कँटनचंही सगळं गोड नाही

तुम्हाला वाटेल डॉक्टर कँटनच्या प्रेमात पडलेत. तसं नाही. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणारा एक कर्करोग जगात सर्वत्र दुर्मीळ आहे, पण ग्वांगडोंगमध्ये इतका की त्याला "कँटन ट्यूमर" असं नाव पडलं. त्यामागे एपस्टाइन-बार नावाचा विषाणू, आनुवंशिकता आणि तिथल्या पद्धतीचा खारवलेला मासा अशी कारणं सापडली. हा मासा लहान मुलांना दूध तुटताना मऊ भातात कालवून भरवायची तिथे रीत होती, आणि लहानपणी खाल्ल्याने धोका अधिक दिसला. त्या पद्धतीच्या खारवलेल्या माशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातलं आहे. कारण न दिसता मानेत गाठ आली, एका कानाला दडा बसला, नाकातून वारंवार रक्त आलं, तर तुम्ही कुठलेही असा, दाखवून घ्या.

डिमसममध्येही तळलेले रोल असतात, चरबी घातलेले पाव असतात आणि सोबत सॉसची वाटी असते. तीन टोपल्या चहाबरोबर तासाभरात खाल्ल्या तर ठीक, बारा टोपल्या खाल्ल्या तर मंचुरियन बरं होतं म्हणायची पाळी येईल.

आता व्यवहाराचं. चायनीज अजिबात बंद करा असं मी सांगत नाही, तुम्ही ऐकणारही नाही. पंधरा दिवसांतून एकदा, दोघांत एक प्लेट. गाडीवर सांगताना "अजिनोमोटो नको" ऐवजी "सॉस आणि मीठ निम्मं" असं सांगा. सूप घेतलंत तर वरून सोया सॉस ओतू नका. भात केव्हाचा आहे हे विचारा, लाजू नका. घरी करायचं असेल तर मोदकपात्र आहेच. उकडीच्या पारीत कोबी, गाजर, पनीर, आलं, मिरी असं सारण भरून दहा-बारा मिनिटं वाफवा. माळकऱ्यांनाही चालेल आणि मुलंही खातील. मधुमेह असेल तर चार नगांवर थांबा, आवरण शेवटी तांदळाचंच आहे.

उलट्या-जुलाब झाले तर मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घोट घोट घेत राहा, बहुतेकांना २४ तासांत बरं वाटतं. सहा-आठ तास लघवी झाली नाही, रक्त पडलं, किंवा रुग्ण लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर मात्र थांबू नका. आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर चायनीज खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा बीपी मोजून वहीत लिहा. शेजारी काय खाल्लं होतं तेही लिहा. पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन या.